दहा गावं खोडा, एक वाढवा

या वेळचं पत्र ठाण्याच्या एका ताईंचं आहे. थोडं कापून देते.

"बँकेत आयुष्य काढून यंदा निवृत्त झाले. हातमागाच्या साड्या, लाकडी खेळणी, लोकचित्रं यांचं वेड पहिल्यापासून. यूट्यूबवर बघून वारली चित्रंही काढते. मिस्टरांना यातलं काही नको, त्यांना पुस्तकं हवीत. म्हणून दोघांनी मिळून बेत केला: कारागिरांची गावं आणि वाटेत छोटी, गोड पुस्तकांची दुकानं. आठ दिवसांची यादी अशी: येवला, पैठण, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, पुणे, भिलार, वाई, कोल्हापूर, हुपरी, सावंतवाडी, पिंगुळी, पणजी, डिचोली, मडगाव. मागे एका टूरबरोबर गेले होते. 'कारागिरांचं गाव' म्हणून त्यांनी एका एसी शोरूममध्ये नेऊन बसवलं आणि तिथे घेतलेली 'हातमागाची' साडी यंत्रमागाची निघाली. म्हणून विचारते. अस्सल कसं ओळखायचं? भाव करावा की नाही? गाडी करू की रेल्वेने जाऊ? आणि मिस्टर कुणाच्या कारखान्याच्या दारात घड्याळ बघत उभे राहिले की माझा जीव अर्धा होतो, त्याचं काय करू?"

ताई,

यादी वाचली आणि नकाशा उघडला. तुमची चौदा गावं जोडून ठाण्याला परत यायचं तर दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. आठ दिवसांतले निम्मे जागेपणीचे तास गाडीत जातील आणि उरलेले पार्किंग शोधण्यात. एवढ्या घाईत ज्या गावात शिराल तिथे तुम्हाला शोरूमच दिसणार, कारण घाईतल्या माणसासाठी उघडं असतं ते शोरूमच. मागच्या टूरनं तुम्हाला फसवलं हे खरं, पण त्या टूरचं वेळापत्रक आणि तुमची ही यादी यांत मला फारसा फरक दिसला नाही, रागावू नका.

यादीतली दहा नावं खोडा. कोल्हापूर, सावंतवाडी, पिंगुळी आणि पणजी ठेवा, आणि तुम्ही न लिहिलेलं एक गाव वाढवा: मिरज. पाच मुक्कामांची ही सलग वाट आहे, फारसं मागे फिरावं लागत नाही. येवला, पैठण आणि संभाजीनगरचं हिमरू विणकाम हा वेगळा प्रवास आहे, तो उन्हाळा सोडून कधीही करा. सोलापूर पंढरपूरला जोडून होईल. हुपरीचं चांदीकाम कोल्हापुरापासून जवळ आहे म्हणून मोह होईल, पण दागिने घ्यायचे नसतील तर सोडा.

गाडी करू नका. गाडी दाराशी उभी असली की माणूस दर अर्ध्या तासानं उठतो. रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघा, पहाटे मिरजेला उतरा. मिरज ते कोल्हापूर तासाभराचा रस्ता. कोल्हापूरहून आजरा, आंबोलीमार्गे एसटीनं सावंतवाडी. तिथून पिंगुळी, मग पणजी, आणि परत कोकण रेल्वेनं थेट ठाणे.

आता मिरज का, ते सांगते. तुम्ही चित्रं आणि कापड बघणाऱ्या आहात, वाद्यांकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही, आणि नवऱ्याला कंटाळा न येणारी जागाही नेमकी तीच आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी बनतात. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले घासून धार लावणाऱ्यांची. राज्यं गेली, हत्यारांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला यातले काही हात तंतुवाद्यांकडे वळले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. गाणारे आणि वाद्य करणारे एकाच गावात असल्यामुळे वाद्याची तक्रार त्याच दिवशी कारागिराच्या कानावर पडे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं.

तिथे बघायचं काय? पंढरपूरच्या बाजूनं येणारे वाळलेले भोपळे माळ्यावर टांगलेले असतात. हे भाजीचे भोपळे नव्हेत, कडू जातीचे. कापून, भिजवून, आतून आधार देऊन त्यांना आकार देतात. दांडी तूणाच्या लाकडाची, खुंट्या शिसवीच्या. हे सगळं फिरून बघायला अर्धा तास पुरे. पण कुणी जवारी लावत बसलं असेल तर तिथे बसा आणि उठू नका. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा किंचित उतरता असतो, त्या उतारावर तार हलकेच घासते आणि त्यातून तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा सूर निघतो. कारागीर कानशीनं केसभर घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. जरा जास्त घासलं गेलं तर घोडी वाया. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि एका जागी आवाज एकदम उघडतो. हे मोबाईलच्या चित्रफितीत कळत नाही, समोर बसून कळतं. तुमच्या मिस्टरांनाही कळेल, त्यांना सुतारकामात रस असो वा नसो. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची वेळ असते. आणि वाद्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, हे सांगायला नको.

तंबोरा विकत घेणार नाही म्हणून संकोच वाटत असेल तर आधीच सांगून टाका: "घ्यायला आले नाही, बघायला आले आहे, तुमच्या कामात अडथळा नसेल तर बसते." माणसं हो म्हणतात किंवा उद्या या म्हणतात. घेणार असल्यासारखं भासवून तासभर भाव विचारत राहणं मात्र वाईट. कारागीर त्या वेळात हातातलं काम बाजूला ठेवतो.

कोल्हापूरला दोन दिवस द्या. चप्पल ही तुमच्या यादीतली सगळ्यांत ओळखीची वस्तू, आणि तुम्ही सगळ्यांत कमी जाणता तीही हीच असावी. चप्पल लाइनीत जाल तेव्हा शंभर जोड दिसतील. त्याआधी सुभाषनगरात जा, जिथे त्या बनतात. पुरुष रापीनं कातडं कापत असतात, वेणी विणणं आणि बारीक शिवण बऱ्याच घरांत बायका करतात. ही वेणी म्हणजे पट्ट्यावरची ती नाजूक गुंफण. एका जोडामागे घरातले तीन-चार जण राबतात आणि दुकानातल्या पाटीवर नाव एकाचंच असतं, हे तिथे बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

कातडं कमावण्याची जुनी रीत चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांची आहे. त्याला काही आठवडे लागतात आणि वास येतो. जिथे हे काम चालतं तिथे नाकाला पदर लावायचा असेल तर ताई, जाऊच नका. पिढ्यान्‌पिढ्या या वासावरून या माणसांना गावाबाहेर ठेवलं गेलं, आणि आता आपण 'क्राफ्ट' बघायला जाऊन पुन्हा तेच तोंड करायचं, हे मला पटत नाही. जात विचारू नका. "हे काम घरात कधीपासून?" एवढं विचारलं की सांगायचं ते ती माणसं आपणहून सांगतात.

2015 च्या कायद्यानं महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीत बैलही आला आणि चप्पलवाल्यांचा कच्चा माल आटला. म्हशीचं कातडं वाढलं, बाहेरच्या राज्यांतून तयार कातडं येऊ लागलं. याबद्दल तुमचं मत काहीही असो, तिथे वाद घालू नका, ऐका. आणखी एक विषय सध्या प्रत्येक दुकानात निघतो. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे आरडाओरडा झाला तेव्हा कंपनीनं भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. त्यानंतर प्रत्येक पाहुणा सुभाषनगरात जाऊन याबद्दलच विचारतो. तुम्ही दुसरं काही विचारा.

अस्सल ओळखण्याबद्दल. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळालं. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत शिवलेली चप्पल कोल्हापुरात विकली तर ती खोटी नाही. उलट, कोल्हापूरच्या भर बाजारात घेतलेली रेक्झिनची, डिंकानं चिकटवलेली चप्पल मात्र खोटी. तेव्हा गावाचं नाव विचारून भागत नाही, जोड हातात घ्या. हाताच्या चपलेत तळ चामड्याच्या वादीनं शिवलेला असतो, खिळा नसतो. कडेला थरांच्या रेषा दिसतात. टाके किंचित कमीजास्त असतात. वास चामड्याचा येतो, डिंकाचा नाही. नवी चप्पल पायाला चावते, कडक असते, आणि घालून घालून तुमच्या पायाची होते. पहिल्याच दिवशी कापसासारखी मऊ लागली तर शंका घ्या. आणि मानांकन हे प्रदेशाला मिळतं, दुकानातल्या प्रत्येक नगावर कुणी तपासून शिक्का मारलेला नसतो. पाटीवर 'जीआय' लिहिलंय म्हणून डोळे मिटून पैसे देऊ नका.

साडीचंही सांगते, ती सल तुमच्या मनात आहे म्हणून. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघायचा. नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागीच वळवून गुंतवलेला असतो. मागच्या बाजूला धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर ती यंत्रावरची. यंत्रमागाची साडी नेसायला काही हरकत नाही, फक्त हातमागाच्या भावानं घेऊ नये.

भाव करावा का? माझं मत सरळ आहे आणि सगळ्यांना आवडत नाही: कारागिराच्या घरात भाव करू नये, बाजारातल्या दुकानात जरूर करावा. घरात सांगितलेली किंमत जड वाटली तर "माझ्या आवाक्यात काय आहे?" असं विचारा. लहान वस्तू निघते, साधी निघते, आणि कुणाचा अपमान होत नाही. दुकानात गेलात तर एकच प्रश्न विचारा: "यातलं तुमच्याकडे बनलेलं कोणतं आणि बाहेरून आलेलं कोणतं?" बहुतेक दुकानदार खरं सांगतात. न सांगणारा लगेच कळतो.

आता मिस्टर. त्यांना कारागिरीची गोडी लावायचा प्रयत्न सोडून द्या. मिरजेत ते रमतील असं मी म्हटलं, पण नाही रमले तरी चालेल. कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सुभाषनगरात आणि ते करवीर नगर वाचन मंदिरात. 1850 सालचं ग्रंथालय आहे. कुणी कुणाची वाट बघायची नाही, जेवायला भेटायचं. एकमेकांच्या आवडीत दिवसभर हजर राहणं हे चांगल्या संसाराचं लक्षण आहे असं कुणीतरी आपल्या डोक्यात भरवून ठेवलंय. ते घड्याळ बघतात, तुम्ही त्यांचं घड्याळ बघता, आणि समोर वेणी विणणारी बाई दोघांकडे बघते.

पुस्तकांच्या दुकानांबद्दल मात्र तुम्हा दोघांचीही अपेक्षा थोडी हलवायला हवी. 'छोटी, गोड' म्हणजे लाकडी शिड्या, पिवळे दिवे, कोपऱ्यात मांजर आणि कॉफी, असं डोळ्यांपुढे असेल तर आपल्या जिल्ह्याच्या गावात ते मिळणार नाही. ट्यूबलाइट, लोखंडी रॅक, पुढ्यात स्पर्धापरीक्षांच्या गठ्ठ्यांची भिंत आणि मागे ललित, असं दुकान असतं. भिंतीला वळसा घालून मागे जावं लागतं. डौलदार दुकान बघायचं असेल तर मुंबईत फोर्टला किताबखाना आहे, लोकलनं जा. कोल्हापूरला अक्षर दालनसारख्या ठिकाणी जायचं ते शोभेसाठी नाही, तर त्या मुलखात छापलेलं आणि त्या मुलखापलीकडे न पोचलेलं काही हाती लागावं म्हणून. शाहू महाराजांवरची स्थानिक अभ्यासकांची पुस्तकं, तालमी आणि कुस्त्या, बाबूराव पेंटरांपासूनचा कोल्हापूरचा सिनेमा, आबालाल रहमानांची चित्रं. यातलं बरंचसं थोड्या प्रतींत निघतं, ऑनलाइन दुकानात सापडत नाही आणि संपलं की संपलं. मिस्टरांना सांगा, यादी घेऊन जाऊ नका. यादीतली पुस्तकं दादरला मिळतात. काउंटरवरच्या माणसाला एवढंच विचारा: "इथल्या माणसांनी इथल्याबद्दल लिहिलेलं काय आहे?" खुर्चीतून उठून तो मागच्या रॅककडे गेला तर समजा दुकान चांगलं आहे.

जाण्याआधी फोन मात्र करा. छोटी पुस्तकांची दुकानं न सांगता बंद होतात. 1948 पासूनचं, मुंबईचं एवढं नावाजलेलं स्ट्रँड बुक स्टॉलसुद्धा 2018 मध्ये बंद झालं. इंटरनेटवर चार वर्षांपूर्वीचा फोटो बघून शंभर किलोमीटर जाऊ नका. पुस्तकांचं वजन वाढलं तर टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे, 2025 मध्ये सुरू झालेली. पाच किलोपर्यंतचं पुस्तकांचं पार्सल स्वस्तात घरी जातं. खांदे वाचवा, चपलेच्या खोक्यांना जागा लागणार आहे.

भिलार मी खोडलं याचं मिस्टरांना वाईट वाटेल. पाचगणीजवळचं ते पुस्तकांचं गाव मे 2017 मध्ये सुरू झालं. घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत, कुठल्याही घरात जाऊन वाचत बसा. कल्पना इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वायवरून आली, पण तिथे पुस्तकं विकतात, इथे वाचायला देतात. तेव्हा भिलार ही धावता धावता बघायची जागा नाहीच. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत दोन रात्री फक्त तिथेच राहा.

आंबोली उतरून सावंतवाडी. इथे दीड दिवस ठेवा आणि निम्मा वेळ चितारआळीत घालवा. लाकडी फळं, भाज्या, पाट, खेळणी, सगळं रंगानं झगझगीत. जुनी फळं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. उचलून बघा, रंग बघून आंबा वाटतो आणि वजन हाताला चकवतं. बाहेरून आलेला मालही त्याच मांडणीवर असतो, तेव्हा "तुमच्याकडे बनलेलं कोणतं?" हा वरचा प्रश्न इथे सर्वांत जास्त उपयोगी.

राजवाड्यात तिकीट काढून जा, दरबार हॉल आहे, पण जायचं ते गंजिफांसाठी. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, म्हणजे 120 पत्ते. मुघल पद्धतीच्या गंजिफेत आठ रंग, 96 पत्ते. कागद किंवा कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ, वर रंग, त्यावर लाख. एकेकाळी ही कला गावातून जवळजवळ गेलीच होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी एका वृद्ध चितारी कलावंताकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. कुठल्याही जुन्या कलेचं पुनरुज्जीवन म्हटलं की सरकारी योजना आठवते. इथे राणीनं हातात कुंचला धरला. पूर्ण जोड महाग असतो आणि असायलाच हवा. तो परवडत नसेल तर सुटे पत्ते मिळतात का विचारा.

या भागात नोव्हेंबरच्या शेवटाला जा असं मी आवर्जून म्हणेन. पावसाळ्यात आंबोलीत पुढचं दिसत नाही आणि कोल्हापुरात चामडं वाळत नाही. चतुर्थीच्या आधी रंगकाम जाणणारे हात गणेशशाळांत गुंतलेले असतात. नाताळात गोव्याचे भाव तुम्हाला माहीत आहेत. पण कार्तिक पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो. दुपारी राजवाड्यात गंजिफेच्या पत्त्यावर पाहिलेला अवतार रात्री दीड वाजता पेटी-पखवाजाच्या साथीनं तुमच्यासमोर येऊन डोळे वटारतो. लॉजवाल्याला विचारा, "आज जत्रा खंय?" तो सांगेल आणि बहुधा रिक्षाही ठरवून देईल.

पिंगुळी कुडाळजवळ आहे. गुढीपूर वस्तीतला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या सांभाळतो आहे. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाच्या सुट्ट्या चित्रांची पोथी. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडूकच्या साथीवर कथा गातो. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय केलं आहे, ठाकर आदिवासी कला आंगण. फोन करून जा आणि खेळ दाखवायला सांगा. त्याचे पैसे विचारून द्या, तिकिटापेक्षा थोडे जास्तच. चित्रं भिंतीवर टांगायला विकत मिळतात, पण ती गायनाशिवाय अर्धीच आहेत. आधी ऐका, मग निवडा. खेळाचं पूर्ण चित्रण करत बसू नका. दोन फोटो विचारून काढले तर कुणी नाही म्हणत नाही.

पणजीत तुम्ही थकलेल्या असाल, म्हणून तिथे फार काही देत नाही. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांचं भलंमोठं चित्र आहे, जोर्ज कोलासो या पोर्तुगीज कलावंताचं, 1935 चं. पाहायला पंधरा मिनिटं लागतात. मिस्टरांसाठी कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, 1832 सालची परंपरा. आणि त्यांना अखेर ते शिड्या-पिवळे-दिवे छापाचं दुकान हवंच असेल तर कळंगूटच्या बाजूला जुन्या घरात लिटराती आहे, 2005 पासूनचं. तिथे इंग्रजी पुस्तकं जास्त. फोन करून वेळ विचारा. देवनागरी कोंकणी आणि गोव्यात छापलेली मराठी पुस्तकं मात्र पणजीच्या बाजारातल्या दुकानांत शोधा. मराठी वाचणाऱ्याला कोंकणीची दहा पानं अवघड जातात आणि मग जात नाहीत.

एक विचारायचं राहिलं होतं. ताई, तुम्ही ठाण्यात राहता, वारली चित्रं काढता, आणि चौदा गावांच्या यादीत डहाणू नाही! विरारहून डहाणूची लोकल आहे. जिव्या सोमा मशे, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ते डहाणूजवळच्या गंजाडचे. 2018 मध्ये ते गेले, पण त्या भागात काम करणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यामुळे पुरुष या चित्रांत आले. त्याआधी लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहायचा मान सवाष्ण बायकांचा होता, गेरू-शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनं, मधोमध पालघट देवी. यूट्यूबवर बहुधा नाचणाऱ्या माणसांची साखळी शिकवतात, चौक सहसा शिकवत नाहीत. कुणाकडे शिकायला बसलात तर दिवसाची रोजी ठरवून द्या, आणि त्यांची नक्षी पिशव्यांवर छापून विकायचा बेत असेल तर तो आधी सांगा.

मोठ्या प्रवासाच्या आधी एका रविवारी हे करून या. एका घरात, एका भिंतीसमोर, चार तास. ते जमलं तर मिरज-कोल्हापूर जमेल. दुसऱ्या तासाला चुळबुळ सुरू झाली तर मला पुन्हा लिहा, मग आपण वेगळी वाट शोधू.

परतीचं तिकीट थिवीहून कोकणकन्येचं काढा, ती ठाण्याला थांबते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि त्या मोसमात पहिल्याच सकाळी संपतं, तेव्हा ते काम मिस्टरांकडे द्या. घड्याळ बघायची सवय आहेच.